विड्याचें पृथक्करण

विड्याच्या पानाला आपल्या घरांत केवढा मान आहे, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. मंगलकार्याचा आरंभ पानसुपारी मांडल्यावांचून होत नाहीं, भोजनाची सांगता विड्यावांचून होत नाहीं, आणि एखादें अवघड काम अंगावर घेणें यालाही आपण 'विडा उचलणें' असेंच म्हणत आलों आहों. परंतु या विड्यावर अलीकडे मोठा आरोप आलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तंबाखू घातलेला विडा, तंबाखू न घातलेला विडा आणि नुसती सुपारी या तिहींची गणना मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या वस्तूंत केली. २०१२ सालीं महाराष्ट्र सरकारनें गुटख्यावर बंदी घातली. पुष्कळ शहाण्या घरांतून पानाचा डबा फडताळांत गेला. आणि सुपारीपुरतें तरी तें बरेंच झालें.

पण इंदापूर तालुक्यांतील निमगांव केतकीकडे पाहावें. बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या वाटेवरचें हें गांव पानमळ्यांचें म्हणून ओळखलें जातें. शेवरी-शेवग्याच्या आधारावर वेली चढविणें, त्यांना पाण्याच्या पाळ्या देणें, पानें खुडून त्यांच्या कवळ्या बांधणें, यांवर तेथील अनेक कुटुंबांचा निर्वाह आहे. अशा एखाद्या मळेवाल्यानें उद्यां विचारलें कीं, "गुरुजी, गुन्हा माझ्या पानाचा, कीं त्यांत घातलेल्या सुपारीचा?" तर त्यास काय उत्तर द्यावें? प्रश्न त्याच्या पोटाचा आहे, आणि खाणाराच्या तर प्राणाचा आहे. तो नुसत्या वादविवादानें सुटणारा नाहीं.

विडा हा एक पदार्थ नव्हे. ती पांच जणांची पंक्ति आहे. पान, सुपारी, कात, चुना आणि वरून टोंचलेली लवंग. दाट बसलेल्या पंक्तींत दोष कोणाचा हें ठरवावयाचें, तर प्रथम प्रत्येकास वेगळें उठवून बसविलें पाहिजे. असें वेगळें बसविण्याची जी कला आधुनिक रसायनशास्त्रानें सिद्ध केली आहे, तिच्यांतील सर्वांत नाजूक प्रश्न वाहकाच्या निवडीचा. तोच आम्हीं या महिन्याच्या लेखासाठीं घेतला आहे.

ही कला समजण्यास निमगांव केतकीचाच दाखला पुरे होईल. आषाढी वारींत संत तुकाराम महाराजांची पालखी या गांवीं मुक्कामास असते, आणि वाटेच्या दुतर्फा दुकानें लागतात. वेशींतून हजार माणसें एकदम आंत शिरलीं अशी कल्पना करा. ज्यांना कशाचा मोह नाहीं तीं सरळ दुसऱ्या टोकास निघतात. बायका बांगड्यांपाशीं थबकतात. मुलें खेळण्यांपाशीं अडून बसतात. दुसऱ्या टोकास उभ्या राहिलेल्या मनुष्यास हे सर्व गट एकामागून एक बाहेर पडतांना दिसतील. दुकानें जागचीं हलत नाहींत. शास्त्रांत तिला 'स्थिर प्रावस्था' म्हणतात. माणसांस पुढें नेणारा दिंडीचा ओघ ही 'चल प्रावस्था'. तिलाच आम्ही सोयीसाठीं वाहक म्हणूं. संस्कृत व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर स्थिर प्रावस्थेनें भरलेली नळी हें अधिकरण आणि वाहक हें करण. ओढ फार असेल तर कोणी कोठें थांबणारच नाहीं, सर्व एका घोळक्यानें बाहेर पडतील. ती फार थोडी असेल तर मुलें खेळण्यांपाशींच रात्र काढतील. येथें ओढ म्हणजे नुसता वेग नव्हे. वाहकाचें त्या त्या पदार्थाशीं असलेलें सख्य, हा तिचा खरा अर्थ.

१९०३ सालीं वॉर्सा येथें मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञानें ही युक्ति प्रथम विद्वानांपुढें मांडली. त्यानें हिरव्या पानांतील रंगद्रव्यें खडूच्या भुकटीनें भरलेल्या नळींतून नेलीं, तों हिरवे व पिवळे पट्टे एकाखालीं एक वेगळे झाले. रंगांनीं आपलें नांव आपणच लिहिलें, म्हणून या पद्धतीस 'वर्णलेखन' हें नांव पडलें. आज बिनरंगाचे पदार्थही याच मार्गानें वेगळे करतात. नांव मात्र तेंच राहिलें आहे.

त्स्वेताचा वाहक द्रव होता. पुढें वायुरूप वाहकही आले. या लेखाचा विषय असलेला वाहक मात्र धड द्रवही नव्हे, धड वायूही नव्हे. १८२२ सालीं फ्रान्समध्यें काञ्यार द ला तूर यानें तोफेच्या बंद नळींत थोडा द्रव आणि गारगोटीचा गोळा घालून ती तापविली. नळी हालविली म्हणजे गोळा द्रवांतून वर येतांना छपछप आवाज होई. एका ठराविक उष्णतेनंतर तो आवाज अजिबात थांबला. कारण द्रव आणि बाष्प यांमधील सीमाच नाहींशी झाली होती. १८६९ सालीं बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यानें कर्बाम्ल वायूवर, म्हणजे ज्यास हल्लीं पाठ्यपुस्तकांत कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्यावर, प्रयोग करून ही सीमा सुमारें ३१ अंश सेल्सिअसवर पुसली जाते असें दाखविलें. तेथें दाब सुमारें ७३ वातावरणांचा लागतो. त्यापलीकडच्या अवस्थेस 'अतिक्रांतिक' म्हणतात. द्रव व वायू या दोहोंस मिळून आमच्या परिभाषाकारांनीं 'द्रायू' असा जोडशब्द केला आहे. तो जर कोठें अक्षरशः सार्थ होत असेल तर येथें. अशा द्रायूच्या अंगीं पदार्थ विरघळविण्याची शक्ति द्रवासारखी, आणि बारीक छिद्रांतून शिरण्याची चपळाई वायूसारखी असते. म्हणून याच्या साह्यानें वर्णलेखन त्वरित होतें, आणि होतें तें स्वच्छ होतें.

अशा वाहकासाठीं उमेदवार पुष्कळ आले. १९६२ सालीं बाल्टिमोर येथें क्लेस्पर, कॉर्विन व टर्नर यांनीं पहिला प्रयोग केला, तो शीतयंत्रांतील फ्रिऑन जातीचे वायू घेऊन. पुढें हे वायू आकाशांतील ओझोनचें कवच पोखरतात असें कळलें, आणि १९८७ च्या माँट्रिअल करारानें त्यांस आळा बसला. अमोनिया विरघळविण्यांत पटाईत. पण त्यास १३२ अंशांपर्यंत तापवावें लागतें, शिवाय तो नळींतील सिलिकाच खाऊन टाकतो. नायट्रस ऑक्साइड ३६ अंशांच्या आसपास वश होतो; परंतु तो ज्वलनास साह्य करणारा असल्यामुळें मद्यार्काबरोबर दाबाखालीं ठेवणें म्हणजे घरांत दारूगोळा ठेवणें होय. पाण्याला तर ३७४ अंश उष्णता आणि दोनशेंहून अधिक वातावरणांचा दाब हवा; इतक्या तापांत पानाचा सुगंध काय टिकणार? कर्बाम्ल वायू मात्र कोमट उष्णतेवर वश होतो, पेटत नाहीं, स्वस्त मिळतो, आणि काम संपून दाब काढला कीं उडून जातो. मागें फक्त वेगळा झालेला पदार्थ उरतो. बंद खोलींत तो साठला तर श्वास कोंडतो, एवढी सावधगिरी बाळगली म्हणजे झालें.

येथें आमच्या मुलखाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बारामती-इंदापूर हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा प्रदेश. मळीपासून मद्यार्क करतांना यीस्ट हा सूक्ष्म जीव साखर फोडतो, तेव्हां १८० भार द्राक्षशर्करेपासून हिशेबानें ९२ भार मद्यार्क आणि ८८ भार कर्बाम्ल वायू निघतो. आतां पुढें दिसेल कीं, विड्याच्या पृथक्करणास या दोन्ही वस्तु उपयोगी पडतात. त्या शुद्ध मात्र अतिशय करून घ्याव्या लागतात, कारण नळकांड्यांतील तेलाचा अंशही उत्तर बिघडवितो. असा आंबवणींतला वायू वाहक म्हणून घेतला, तर त्यासाठीं नवें कांहीं जाळावें लागत नाहीं, हा लाभ निराळाच.

आतां पंक्तीकडे वळूं. कर्बाम्ल वायूचा स्वभाव तेलकट पदार्थांस मानवणारा आहे. पानावरचें मेण, स्निग्ध द्रव्यें आणि पिवळीं रंगद्रव्यें नुसत्या कर्बाम्ल वायूबरोबर खुशाल चालूं लागतात. त्यांच्यासाठीं दुसऱ्या कोणाचीही गरज नाहीं, आणि घातल्यास उलट सर्वजण एकदम धांवूं लागतील.

पानाचा सुगंध हा याहून एक पायरी पुढचा. पानांत चॅविबेटॉल नांवाचें सुगंधी द्रव्य असतें. लवंगेंत युजेनॉल असतें. या दोहोंचे रेणुभार अगदीं सारखे, १६४. घटक तेच, संख्या तीच. फक्त कड्यावरील दोन गटांनीं आपसांत जागा बदललेल्या. रेणूंचें नुसतें वजन करणारें यंत्र यांतला भेद सांगूं शकत नाहीं. आधीं त्यांस नळींत वेगळें केलेंच पाहिजे. पानाच्या तेलांत स्वस्तांतलें लवंगेचें तेल मिसळलें असेल, तर तें येथेंच पकडावें लागेल. ही द्रव्यें किंचित् ध्रुवीय आहेत, म्हणजे पाण्याकडे थोडा ओढा असलेलीं. म्हणून कर्बाम्ल वायूंत शेंकडा दोन ते पांच मेथॅनॉल मिसळतात. या जोडीदारास आम्ही सहवाहक म्हणूं. ॲसिटोनायट्राइल हा दुसरा सहवाहक एकटा वापरल्यास बहुधा दुबळा पडतो, कारण सिलिकावरील चिकट जागा झांकण्याचें काम मद्यार्काच्या जातीसारखें त्याला साधत नाहीं.

सुपारीची गोष्ट निराळी. तिच्यांतील ॲरेकोलीन हें अल्कधर्मी द्रव्य आहे, आणि नळींतील सिलिका किंचित् आम्लधर्मी. दोघांची गांठ पडली कीं ॲरेकोलीन रेंगाळतें आणि कागदावर उमटणारें त्याचें शिखर लांब शेंपटाचें निघतें. शेंपूट निघालें म्हणजे मोजमाप चुकलें. नुसतें मेथॅनॉल वाढवून हें बहुधा जात नाहीं. त्यासाठीं सहवाहकांत अमोनियम ॲसिटेटासारखा क्षार, किंवा एखादें ॲमीन, अगदीं थोड्या प्रमाणांत घालतात. वैद्यकांत काढ्यावर घालावयाच्या चिमूटभर औषधास 'प्रक्षेप' म्हणतात. त्याला तेंच नांव शोभेल. वजन करणारें यंत्र पुढें जोडलेलें असेल, तर उडून जाणारा क्षारच घ्यावा, नाहींतर यंत्राचें तोंड बुजतें.

कातांत कॅटेचिन व त्याच्या जातीचीं तुरट द्रव्यें असतात. त्यांच्या अंगावर पाणी ओढणारे गट अनेक. त्यांना हलविण्यास मेथॅनॉल शेंकडा तीस-चाळीसपर्यंत न्यावें लागतें आणि प्रक्षेप म्हणून थोडें फॉर्मिक आम्ल, कधीं किंचित् पाणीही द्यावें लागतें. मेथॅनॉल आणि कर्बाम्ल वायू एकत्र आले कीं थोडी आम्लता आपोआप उत्पन्न होते, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आम्लधर्मी पदार्थांस ती मानवते.

राहिला चुना. तो खनिज, कर्बाम्ल वायूंत विरघळणें त्याच्या नशिबीं नाहीं, म्हणून नमुना नळींत सोडण्यापूर्वींच तो गाळून काढतात. पण त्याची करणी मागें राहते. चुन्याच्या संगतीनें ॲरेकोलीनाचें रूपांतर ॲरेकायडीनांत होतें, आणि हें नवें द्रव्य आम्ल व अल्क या दोन्ही स्वभावांचें असल्यामुळें अधिक हट्टी असतें. जो परीक्षक फक्त ॲरेकोलीनास योग्य असा वाहक निवडील, त्याच्या नळींत ॲरेकायडीन अडकून राहील. आणि चुना लावलेल्या विड्यांत सुपारीचा अंश कमी आहे, असा खोटा निवाडा तो देऊन बसेल. वाहकाची निवड ही केवळ सोयीची बाब नसून न्यायाची बाब आहे, ती यामुळें.

प्रत्यक्ष निवडतांना क्रम असा ठेवावा. प्रथम पदार्थाचा स्वभाव ओळखावा: तेलकट कीं ध्रुवीय, आम्ल कीं अल्क. मग शेंकडा पांच मेथॅनॉलापासून चाळीसपर्यंत हळू हळू चढत जाऊन कोण कोठें बाहेर पडतो तें पाहावें. उष्णता चाळीस अंशांच्या सुमारास आणि दाब शंभर ते दीडशें वातावरणें, ही आरंभास चांगली बैठक. नंतर सहवाहक बदलावा, मग प्रक्षेप, मग उष्णता व दाब. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या तर गुण कोणाचा आला, हें ब्रह्मदेवासही सांगतां यावयाचें नाहीं. अर्क पुढें औषधांत किंवा खाण्यांत जावयाचा असेल तर मेथॅनॉल न घेतां मद्यार्क घ्यावा. मेथॅनॉल हें विष आहे, हें विषारी दारूच्या दुर्घटनांनीं सर्वांस ठाऊक झालेलें आहे. एक बारकावा असा कीं, इतका सहवाहक मिसळल्यावर हें मिश्रण पुष्कळदां काटेकोर अर्थानें अतिक्रांतिक राहतच नाहीं. तरीही नांव चालूच आहे. योगार्थापेक्षां रूढार्थ बलवान् असतो, हें शब्दशास्त्र रसायनशाळेंतही लागू पडतें.

सहवाहकाची निवड किती सूक्ष्म असते, याचें आणखी एक उदाहरण पानमळ्यांतूनच मिळतें. पानवेलीची मर आणणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवावर मेटॅलॅक्सिल हें औषध आहे. त्याचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे दोन प्रकारचे असतात; एक दुसऱ्याचें आरशांतलें प्रतिबिंब. रोग मारण्याचा बहुतेक गुण त्यांपैकीं एकाच्याच अंगीं आहे, आणि तोच प्रामुख्यानें ठेवून केलेलें औषध मेटॅलॅक्सिल-एम म्हणून निराळें विकतात. त्याची मात्रा सुमारें निम्मी पुरते. बाटलीवर एक नांव आणि आंत दुसरें औषध असेल, तर मळेवाल्याचे पैसेही जातील आणि वेलही जाईल. प्रतिबिंबांच्या अशा जोड्या फोडण्यांत अतिक्रांतिक वर्णलेखनाची विशेष ख्याति आहे. त्यासाठीं स्टार्च किंवा सेल्युलोज यांपासून केलेला लेप असलेली नळी घेतात, आणि मेथॅनॉल, मद्यार्क व आयसोप्रोपिल अल्कोहोल हे सहवाहक पाळीपाळीनें लावून पाहतात. एकाबरोबर जी जोडी मुळींच फुटत नाहीं, ती दुसऱ्याबरोबर सहज फुटते. कधीं तर बाहेर पडण्याचा क्रमच उलटतो.

मात्र चांगल्या वाहकाचाही अट्टाहास करूं नये. २०१० सालीं भारतीय द्राक्षें युरोपांत अडकलीं, तीं वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळें. तें द्रव्य तोंवर आपल्याकडील तपासणीच्या यादींतच नव्हतें. इंदापूर तालुक्यांतही बोरीसारखीं द्राक्षांचीं गांवें आहेत, तेव्हां ही गोष्ट दूरची मानूं नये. ज्या औषधासाठीं वेगळी मर्यादा नेमलेली नाहीं, त्याला युरोपांत किलोमागें ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सूट आहे. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! क्लोरमेक्वाट हा मिठासारखा क्षार आहे. कर्बाम्ल वायूच्या पायाशीं तो गळ टाकल्यासारखा बसून राहतो. तेथें पाणी हाच मुख्य भाग असलेला द्रव वाहक घेणें शहाणपणाचें. आपल्या आवडीचा वाहक सोडून देणें, हाही निवडीचाच एक प्रकार आहे.

आतां मळेवाल्याच्या प्रश्नास उत्तर देतां येईल. २००४ चा निर्णय मुख्यतः रोग्यांच्या पाहणीवर उभा आहे, आणि त्यांत सुपारी स्वतंत्रपणें दोषी ठरली आहे. नुसतें पान त्या यादींत नाहीं. पुढें २०२० सालीं त्याच संस्थेनें ॲरेकोलीनास 'संभवतः कर्करोगकारक' या वर्गांत घातलें. पानाला निर्दोषतेचें प्रमाणपत्र मिळालें, असा याचा अर्थ कोणी करूं नये. परंतु सुपारीची शिक्षा पानास देणें हेंही योग्य नव्हे. कोणत्या रेणूचा अपराध किती, हें काम वर्णलेखनाच्या नळींत अजून चाललेंच आहे. आणि तेथें प्रत्येक वेळीं पहिला प्रश्न हाच कीं, या साक्षीदारास बोलतें करील असा वाहक कोणता.

तोंवर आमच्या वाचकभगिनींस आमची एवढीच सूचना आहे. घरांत विडा करावयाचाच असेल तर सुपारी आणि तंबाखू यांस डब्यांत जागा देऊं नये. देवापुढें पान मांडावें, सवाष्णीस पान द्यावें. निमगांवच्या मळ्याचें त्यांत कांहीं जाणार नाहीं, आणि घरच्या माणसांचें आयुष्य मात्र राहील.